न ऐकणाऱ्या नवशिक्याला व्यायामाचा सल्ला कसा द्यावा

व्यायामाविषयी वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे, आणि गंमत अशी की तो वस्तुतः व्यायामाचा प्रश्नच नव्हे. पुतण्याने जिममध्ये नाव घातले आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या वजनाइतका बार उचलण्याचा घाट घातला. मेहुणा रोज छाती आणि दंड एवढेच करतो, पायांच्या व्यायामाचे नाव काढीत नाही. सोसायटीच्या जिममधले शेजारी पाठीची कमान करून जमिनीवरचे लोखंड ओढतात. निवृत्त झालेले वडील एकाएकी पर्वतीच्या पायऱ्या धावत चढू लागले आहेत. आणि यांपैकी कोणालाही काही सांगावयास जावे, तर "मला माहीत आहे" हे उत्तर ठरलेले. तेव्हा सांगावे की न सांगावे, सांगितले तर कितपत सांगावे, आणि सांगूनही ऐकले नाही तर आपली जबाबदारी नेमकी कोठे संपते, असा हा पेच आहे.

आमचे मत आरंभीच नमूद करून ठेवतो, म्हणजे पुढील तपशील त्या दृष्टीने वाचता येईल. आपल्याला पुष्कळ माहीत आहे, एवढ्याने दुसऱ्यास सल्ला देण्याचे कर्तव्य आपल्यावर येत नाही. समोरच्याच्या जिवास किंवा अवयवास धोका दिसला म्हणजे ते येते. धोका दिसल्यास न विचारताही बोलले पाहिजे. बाकीच्या सर्व बाबतींत बोलण्याचा अधिकार मिळवावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी लागते. बहुतेकांची फसगत अशी होते की ते किरकोळ गोष्टींवर रोज बोलतात, आणि खरोखर धोक्याचा प्रसंग आला म्हणजे त्यांच्या शब्दास काडीची किंमत उरलेली नसते.

आपला अधिकार कोणत्या जातीचा आहे, ते आधी पाहा

जुन्या तालमीत हा प्रश्न सहसा उद्भवत नसे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले, त्या काळातील आणि त्यानंतरच्याही तालमींतून नव्या पोराने आल्याबरोबर कुस्ती धरावी असा शिरस्ता नव्हता. आधी हौद्यातील माती उकरावी, जुन्या पठ्ठ्यांची मेहनत पाहावी, जोर-बैठकांनी अंग तयार करावे, आणि वस्तादाने जोड लावून दिली म्हणजेच लढत करावी. वस्तादाचा शब्द चाले, कारण पोराने त्याला आपण होऊन गुरू मानलेले असे आणि पोराची खुराकापासून झोपेपर्यंतची काळजी वस्तादाने अंगावर घेतलेली असे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांतून सक्तीचे केले. परंतु त्यांना हुकूम काढण्याची मुभा होती, ती आपल्याला नाही. शिवाय ते स्वतः प्रथम सॅण्डो या पाश्चात्त्य बलोपासकाच्या पद्धतीचा व्यायाम पुष्कळ दिवस करून, मग स्वानुभवाने नमस्कारांकडे वळले होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

आजच्या जिममध्ये नवशिका येतो तो शिष्य म्हणून येत नाही. तो पावती घेऊन आलेला ग्राहक असतो, आणि शेजारच्या बाकावरील गृहस्थांना आपण गुरू केल्याचे त्याला ठाऊक नसते. म्हणून तोंड उघडण्यापूर्वी आपले नाते तपासावे:

- आपण तेथील नेमलेले ट्रेनर असाल, तर सांगणे हे आपले कामच आहे. हृदयविकार, रक्तदाब, चक्कर, जुनी दुखापत आणि चालू औषधे यांविषयीची प्रश्नावली प्रवेशाच्या वेळीच भरून घ्या, दिलेली सूचना त्याच्या कार्डावर तारखेसह लिहा, आणि धोकादायक वजनास आधार देण्याचे साफ नाकारा. पुष्कळ ट्रेनर गिऱ्हाईक नाराज होईल या भीतीने बारास हात लावून अर्धे वजन स्वतः उचलतात आणि वर "शाब्बास" म्हणतात. हा त्या मुलाचा विश्वासघात आहे.
- आपण वडीलधारे नातेवाईक असाल, तर तो आपले म्हणणे ऐकून घेईल, मात्र पाळणार नाही. घरातील अधिकार व्यायामाच्या क्षेत्रात चालत नाही, विशेषतः आपले स्वतःचे पोट पट्ट्याबाहेर आलेले असल्यास.
- आपण बरोबरीचे मित्र असाल, तर आपली स्थिती सर्वांत अनुकूल आहे, कारण आपण त्याच्याबरोबर व्यायाम करू शकता.
- आपण अनोळखी असाल, तर धोक्याखेरीज काहीही बोलू नये.

या शेवटच्या कलमास एक पोटकलम जोडणे आवश्यक वाटते. अनोळखी पुरुषाने व्यायाम करणाऱ्या स्त्रीस न विचारता सूचना करणे, आणि ती करताना हात लावून 'नीट करून दाखविणे', हे कोणत्याही सद्हेतूने झाले तरी गैर आहे. अनेक स्त्रिया याच एका कारणास्तव जिम सोडतात. धोका दिसल्यास तोंडी सावध करावे आणि पुढचे ट्रेनरवर, असल्यास महिला ट्रेनरवर, सोपवावे.

येथे न विचारताही बोलावे

पुढील प्रसंगी संकोच, नाते, वय यांपैकी कशाचीही सबब चालणार नाही:

- बेंच प्रेसवर एकटा असताना त्याने बारास दोन्हीकडून लॉक लावून आवाक्याबाहेरचे वजन चढविले आहे. बार छातीवर किंवा मानेवर अडकून माणसे दगावलेली आहेत. एकट्याने करावयाचे तर डंबेल्स घ्यावेत, नाहीतर लॉक न लावता करावे, म्हणजे वेळ पडल्यास बार एका बाजूस कलंडवून प्लेट्स खाली सोडता येतात. अंगठा बाराच्या भोवती न घेता नुसत्या तळव्यावर बार तोलण्याची टूमही याच सदरात मोडते.
- स्क्वॉटच्या रॅकमधील आडव्या सुरक्षा-दांड्या त्याने योग्य उंचीवर लावलेल्या नाहीत.
- छातीत दुखणे किंवा आवळल्यासारखे वाटणे, दंडात वा जबड्यात कळ जाणे, श्रमाच्या मानाने फार दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे. येथे सल्ला नको, कृती हवी: व्यायाम तत्काळ बंद, बसवून ठेवावे, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा. माणूस कोसळला, प्रतिसाद देत नाही आणि श्वास नीट चालत नाही असे दिसल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देणे सुरू करून मदत येईपर्यंत थांबू नये.
- पाठीतून निघालेली कळ पायात उतरते, किंवा हातापायास मुंग्या येऊन बळ कमी पडते.
- पहिल्याच दिवशी पैजेवर शेकडो बैठका काढलेल्या आहेत, एक-दोन दिवसांत मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या आहेत, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होत आहे. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरल्याचे हे लक्षण असून त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकते. तेल चोळीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जोर-बैठकांच्या आपल्या प्रांतात ही गोष्ट जितकी ठाऊक असावयास हवी तितकी ती नाही.
- ताप अंगात असताना, किंवा भर उन्हाळ्यात पाणी न पिता, घाम काढण्याच्या हौसेने चाललेला व्यायाम.

अशा वेळी शब्द थोडे आणि स्पष्ट असावेत. "थांब, बार ठेव" एवढे पुरे. कारणमीमांसा बार खाली आल्यावर करावी.

येथे गप्प राहावे

तो आधी दंड करतो की आधी छाती, यंत्रावर करतो की मोकळ्या वजनांनी, सकाळी येतो की संध्याकाळी, नमस्कार घालतो की मल्लखांबावर जातो, यांत त्याचा फार तर थोडा वेळ वाया जाईल. जाऊ द्यावा. पायांकडे दुर्लक्ष करणारा मेहुणाही याच वर्गातला. त्याच्या पाटलोणीच्या मापावरून पुढेमागे त्याला कोणी तरी चिडवील, आणि ते काम आपणच करावे असे नाही.

तो ऐकत नाही, यात त्याची बाजू काय आहे?

न ऐकणाऱ्यास हट्टी, उद्धट किंवा मोबाइलवरील चित्रफितींनी बिघडलेला ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु क्षणभर त्याच्या जागी उभे राहून पाहिल्यास असे दिसून येईल की, त्याच्यापाशी जो पुरावा जमा झालेला आहे तो खरोखरच आपल्या विरुद्ध जाणारा आहे. ज्याने पूर्वी कधी वजन उचललेले नाही, त्याचे शरीर आरंभीच्या काही आठवड्यांत कोणत्याही व्यायामास प्रतिसाद देते, मग ती पद्धत शास्त्रशुद्ध असो की मनास येईल तशी. या काळात वाढलेले बळ बहुतांशी स्नायू मोठे झाल्याने आलेले नसते. असलेल्या स्नायूंना अधिक नेटकेपणाने कामास लावण्याचे कसब मेंदू आणि मज्जातंतू शिकतात, त्याचे ते फळ असते. त्याला मात्र दिसते ते एवढेच की, या महिन्याच्या आरंभी वीस किलो जड जात होते आणि महिनाअखेरीस पस्तीस किलो जातात. अशा वेळी आपण "तुझे चुकते आहे" म्हणून सांगू लागलो, तर त्याने आपल्यावर विश्वास ठेवावा की स्वतःच्या डोळ्यांवर?

पेच पुढे आहे. स्नायू लवकर बळावतात; त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध यांना रक्ताचा पुरवठा कमी असल्याने ते सावकाश, कित्येक महिन्यांनी, त्या भारास तयार होतात. गाडीस नवे दमदार बैल जुंपावे आणि जुवाच्या दोऱ्या मात्र जुन्याच ठेवाव्या, तसा हा प्रकार होतो. परिणामी खांदा, कोपर किंवा गुडघा दुखू लागतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, म्हणजे सल्ला देणारा कंटाळून गप्प बसल्यावर आणि नवशिक्याचा आत्मविश्वास ऐन भरात आल्यावर.

त्यात अंगदुखीची भर पडते. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा ठणका तो व्यायाम लागू पडल्याचा दाखला समजतो, आणि ठणका आला नाही तर वजन वाढवितो. हा ठणका केवळ अनोळखी श्रमाचा आहे; शरीर सरावले की तो कमी होतो आणि वाढ तरीही चालू राहते. ही एक गोष्ट जरी त्याला पटली, तरी अर्धे काम झाले असे आम्ही मानतो.

यावरून व्यवहारापुरते दोन निष्कर्ष निघतात. पहिल्या दोन महिन्यांत 'या पद्धतीने तुझी वाढ होणार नाही' हा मुद्दा चुकूनही काढू नये, कारण तो त्या वेळी खोटा ठरतो आणि आपली पत जाते. दुसरे असे की, वजन वाढावयाचे थांबले आणि तो आरशापुढे खिन्न दिसू लागला, म्हणजे आपली वेळ आली असे समजावे. त्या दिवसापर्यंत आपण त्याला रोज टोकलेले नसेल, तर तो आपण होऊन विचारतो.

सांगण्याची रीत

१. परवानगी मागा. "एक सांगू का?" एवढा प्रश्न पुरतो. उत्तर "नको" आले तर हसून बाजूस व्हावे, आणि धोक्याचा प्रसंग नसल्यास त्या दिवशी पुन्हा विषय काढू नये.

२. त्याला काय हवे आहे ते आधी विचारा. पोलीस भरतीसाठी धावण्याची तयारी करणारा, लग्नाच्या तारखेपूर्वी पोट कमी करू पाहणारा आणि नुसते मित्र जातात म्हणून जाणारा, या तिघांना एकच सल्ला लागू पडत नाही. आपल्याला जे आवडते ते त्याला हवे असेल असे गृहीत धरणे हा जाणत्यांचा नेहमीचा दोष आहे.

३. एका वेळी एकच गोष्ट. पाय, पाठ, कोपर, श्वास आणि आहार यांचा एकदम पाढा वाचल्यास तो एकही ध्यानात ठेवीत नाही. सर्वांत घातक चूक निवडा, बाकीच्या पोटात घाला.

४. शरीराऐवजी बाराकडे लक्ष वेधा. "पाठ सरळ ठेव, कंबर आत घे, खांदे मागे" असे सांगितल्याने नवशिका गोंधळतो. "बार नडगीला घासत वर येऊ दे" म्हटल्याने पाठ पुष्कळदा आपोआप ठिकाणावर येते.

५. त्याचे त्यालाच दाखवा. त्याच्या परवानगीने, त्याच्याच मोबाइलवर, बाजूने चित्रण करावे आणि टीका न करता त्याच्या हाती द्यावे. माणूस दुसऱ्याचे ऐकत नाही, पण स्वतःचे चित्रण मात्र पुन्हा पुन्हा पाहतो.

६. वजन कमी करण्यास कमीपणा येऊ देऊ नका. जगातील मोठमोठे वजन उचलणारेही वीस किलोच्या रिकाम्या बारानेच अंग गरम करतात. आपणही त्याच्यासमोर रिकामा बार घेऊन आरंभ करावा. येथे बोलण्याची गरजच नसते.

७. मुदत ठरवून करार करा. "चार आठवडे माझ्या पद्धतीने, नंतर तुझ्या, वहीत आकडे लिही, मग बघू." वहीत व्यायाम, वजन, आवर्तने आणि दुसऱ्या दिवशीची दुखणी एवढेच असावे. वादाचा निकाल वही देते, आणि आपल्या विरुद्ध दिल्यास तो निमूटपणे मान्य करावा.

चारचौघांत सांगू नये, हे नियम म्हणून लिहिण्याचीही खरे तर गरज नसावी. तरीही सर्वांत अधिक मोडला जाणारा नियम हाच आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलास आपल्याला काही येत नाही हे उघड होण्याची जी धास्ती असते, तिच्यापुढे पाठीच्या दुखण्याची धास्ती काहीच नव्हे.

त्याने आरंभ कसा करावा, असे विचारलेच, तर उत्तर आटोपशीर असावे. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती; बसणे-उठणे, ढकलणे, ओढणे आणि जमिनीवरून उचलणे अशा चार-पाच मूळ हालचाली; प्रत्येकीचे दोन-तीन सेट; आणि सेटच्या शेवटी आणखी दोन-तीन आवर्तने निघाली असती असे वाटेल एवढेच वजन. तेच वजन दोन खेपा सहज गेले, तर पाच-दहा टक्के वाढवावे. एवढ्यावर सहा महिने निघतात, हे त्याला पटणार नाही, तरी सांगून ठेवावे.

आपलीच माहिती शिळी नाही ना?

न ऐकणारा नवशिका कधी कधी बरोबर असतो. खालील समजुती वर्षानुवर्षे जाणत्यांच्या तोंडी आहेत आणि त्या सोडून दिल्या पाहिजेत:

- "बैठकीत गुडघा पावलाच्या बोटांपुढे जाता कामा नये." निरोगी गुडघ्यास त्याने अपाय होत नाही, उंच माणसाचा तो जाणारच.
- "कोवळ्या वयात वजने उचलली तर उंची खुंटते." देखरेखीखाली, बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामाने तसे होत नाही. देखरेख नसणे हा खरा धोका.
- "पोटाचे व्यायाम कर, पोट जाईल." एका जागेची चरबी त्या जागेच्या व्यायामाने जात नाही.
- "घाम जितका जास्त, तितकी चरबी कमी." घामाने पाणी जाते, आणि ते प्यायल्यावर परत येते.

आपल्या तरुणपणी आपण जे केले आणि ज्यातून बचावलो, ते सर्व शास्त्र होते असे नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे खंडामागून खंड काढले, लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला, त्यामागील वृत्ती परंपरा तपासून घेण्याची होती; त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी निदान तेवढी तरी वृत्ती ठेवावी.

डबे, पुड्या आणि सुया

येथे मात्र आवाज चढविण्यास हरकत नाही, पण सरसकट नको. प्रोटीनचा डबा, क्रिएटिन आणि सुई या तीन गोष्टींना एकाच शब्दात 'औषधे' म्हणून झोडपणाऱ्या वडिलांचे मुलगा ऐकत नाही, कारण त्यातील पहिल्या दोहोंविषयी वडील चूक आहेत हे त्याला माहीत असते.

प्रोटीनची पावडर हा दुधापासून काढलेला एक खाद्यपदार्थ आहे. विष नव्हे, आणि आवश्यकही नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढविण्यासाठी अशी पूरके टाळावीत असेच सांगितले आहे; दूध, दही, डाळी, उसळी, अंडी, मासे यांतून सामान्य नवशिक्याची गरज भागते. तरीही घ्यावयाचेच असेल, तर डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहावे, पक्की पावती घ्यावी, आणि जिमच्या कपाटातून खुल्या पिशवीत मिळणारी पावडर घेऊ नये. क्रिएटिनचा अभ्यास पुष्कळ झालेला असून निरोगी प्रौढास दिवसाला तीन ते पाच ग्रॅम बहुधा बाधत नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याखेरीज हात लावू नये.

सुईचा मामला सर्वस्वी निराळा आहे. स्नायू फुगविणारी स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्यांनी शरीरातील स्वतःचे पुरुष संप्रेरक बनणे मंदावते, वृषणे आक्रसतात, हृदयाचा स्नायू आणि यकृत यांवर परिणाम होतो. त्याहूनही चिंतेची बाब म्हणजे मेफेन्टरमाइनची इंजेक्शने, जी वास्तविक भूल दिलेल्या रुग्णाचा उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी आहेत, ती जोर येतो म्हणून जिममधील तरुणांना विकल्याची प्रकरणे पुण्यासह महाराष्ट्रात ठिकठिकाणी पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. असे काही आढळल्यास नवशिक्याशी वाद घालीत बसू नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे, पुरविणाऱ्याविरुद्ध पोलिसांत किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्यावी, आणि मुलगा अल्पवयीन असल्यास पालकांस त्याच दिवशी कळवावे; 'त्याने विश्वासाने सांगितले होते' ही अडचण येथे विचारात घेऊ नये.

नवशिका वडीलधारा असेल तर

वडिलांना, सासऱ्यांना किंवा थोरल्या काकांना सांगण्याचा प्रकार नाजूक आहे. आयुष्यभर ज्यांनी आपल्याला सांगितले, त्यांनी आपले ऐकावे ही अपेक्षा थोडी अवाजवीच. येथे आपला शब्द खर्ची न घालता डॉक्टरांचा वापरावा: व्यायाम वाढविण्यापूर्वी एकदा तपासणी करून घेण्यास, आणि शक्य तर आपणही बरोबर जाण्यास, सहसा कोणी नकार देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सुचविला आहे. मध्यम श्रम ओळखण्याची खूण अशी की, चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये. मनगटी घड्याळातील नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, कारण रक्तदाबावरील काही गोळ्या नाडीची गतीच रोखून धरतात. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून वजन उचलू नये, आणि मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी साखर उतरल्यास खाण्यासाठी काही गोड खिशात ठेवावे.

पर्वती धावत चढणाऱ्या वडिलांना "आता तुमचे वय झाले" हे वाक्य उच्चारू नये. "बाबा, उद्या मीही येतो, पण मला जरा सावकाश चढावे लागेल" हे वाक्य त्यांचा वेग निम्म्यावर आणते.

पैसे भरताना आणि परत मागताना

नवशिका व्यायामाचे ऐकत नसला तरी पैशाचे ऐकतो, म्हणून हे त्याला अवश्य सांगावे. वर्षाची वर्गणी एकदम भरण्याचा आग्रह जिमवाल्याकडून होतो. आरंभी महिन्याची किंवा तिमाहीची भरावी. पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. ट्रेनर मिळेल, अमुक यंत्रे असतील, असे जे तोंडी सांगितले जाते ते अर्जावर लिहून घ्यावे. 'दुखापतीस आम्ही जबाबदार नाही' या छापील ओळीखाली सही केली, म्हणून तुटलेल्या दोरीने किंवा ढिल्या बाकाने झालेल्या इजेची व्यवस्थापनाची जबाबदारी आपोआप संपत नाही. यंत्राचे छायाचित्र, तारीख आणि उपचारांची बिले जपून ठेवावीत. जिम मध्येच बंद पडली किंवा कबूल केलेली सेवा मिळाली नाही, तर प्रथम लेखी मागणी करावी, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी, आणि तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणास शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

एवढे करूनही न ऐकल्यास

धोक्याची गोष्ट एकदा स्पष्टपणे, आणि गरज पडल्यास दुसऱ्यांदा, सांगावी. त्यानंतरही तो करीतच राहिला, तर आपला सहभाग काढून घ्यावा: त्या वजनास आधार देऊ नये, त्याचे चित्रण करू नये, टाळ्या वाजवू नयेत, आणि ट्रेनरच्या किंवा व्यवस्थापकाच्या कानावर घालावे. अबोला मात्र धरू नये. प्रौढ, शुद्धीवर असलेल्या माणसास स्वतःच्या देहाशी चुका करण्याचा हक्क आहे. तो अमान्य करून रोज खटके उडविणाऱ्याचा स्वतःचा व्यायाम तेवढा बुडतो.

आणि दुखापत झालीच, तर पहिल्या भेटीत "मी सांगितले होते" हे वाक्य गिळावे, कारण त्या क्षणी तो प्रथमच ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. सांध्यावर भार देता येत नसेल, आकार बिघडला असेल, बधिरता असेल किंवा 'टक्' असा आवाज होऊन लगेच सूज आली असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे. गावच्या हाडवैद्याकडून ओढून घेऊ नये. किरकोळ ताण असल्यास एक-दोन दिवस विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, आणि नंतर दुखणार नाही इतपत हालचाल. महिनाभर खाटेवर पडून राहण्याने स्नायू अधिकच दुबळे होतात. परत सुरुवात करताना दुखापतीपूर्वीच्या वजनाच्या निम्मे किंवा त्याहून कमी घ्यावे, आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना वाढलेली आढळल्यास मागच्या आठवड्याच्या वजनावर परत यावे.